वसई किल्ल्यातली एक दर्शनी भिंत

दादरला गोखले रोडवर ‘पोर्तुगीज चर्च’ नावाचा बसथांबा आहे. माझे सारे आयुष्य त्या थांब्याच्या आसपास गेले, तरी समोरच्या इमारतीत पोर्तुगीज वळणाचे काहीच कसे नाही, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापन केलेल्या या धर्मग्रामाचे आजचे चर्च वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात काँक्रीटमध्ये उभारले. ते मला मनापासून आवडते, पण ते आपल्या काळाचे आहे. माहीमचे सेंट मायकेलही १९७३ मध्ये नव्याने बांधले गेले. जुन्या चर्चचा मूळ तोंडवळा पाहण्यासाठी मी म्हणूनच विरार लोकलने वसईला जातो.

किल्ल्यातल्या संत जोसेफ चर्चला पोर्तुगीज ‘मात्रिझ’ म्हणत, म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य चर्च. ते १५४६ चे असून, आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत १६०१ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. छप्पर गेले आहे. उंच मनोरा मात्र उभा आहे.

माझे पाय मात्र रेंगाळतात ते येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या, चर्चसमोर. मधला दरवाजा अर्धवर्तुळाकार कमानीचा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या पन्हळी कोरलेले जोडखांब आहेत, ज्यांच्या माथ्यावर पानांची कॉरिंथियन नक्षी उमललेली आहे. ऊन तिरपे झाले की त्या पन्हळींमध्ये सावलीच्या रेघा भरतात आणि सपाट वाटणारी भिंत एकाएकी खोल दिसू लागते. दगडात येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरे कोरलेली आहेत, तीच रोमच्या जेसू चर्चच्या दारावरही आहेत. १५८४ मध्ये पूर्ण झालेले ते चर्च बरोक या भरघोस, नाट्यमय शैलीची सुरुवात मानले जाते. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतर प्रवचनाला मोठे महत्त्व आले. त्यामुळे मध्ये खांबांची अडचण नसलेले एकच रुंद दालन, सर्वांना दिसणारी वेदी आणि रस्त्यावरच्या माणसाला आत बोलावणारा भव्य दर्शनी भाग, अशी मांडणी येशूसंघाने जगभर नेली. वसईच्या या भिंतीला निखळ बरोक म्हणणे मला पटत नाही. तिच्यात त्याआधीच्या रेनेसाँस शैलीची शिस्त अधिक आहे, बरोकचा फुलोरा अजून उंबरठ्यावरच आहे, आणि मला ती भावते ती याच संयमामुळे.

आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावी असे मला वाटते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या गोव्याच्या बॉम जेझुस चर्चच्या दर्शनी भागावरील कोरीवकामाचा काळा दगड वसईहून समुद्रमार्गे नेलेला आहे. शैली युरोपातून आली असेल, पण कातळ आपल्या किनाऱ्याचा होता. वसईच्या त्या पन्हळी खांबांवर लोक आज किल्लीने आपली नावे कोरतात, आणि दरवेळी एखादे नवे नाव दिसले की जीव तुटतो.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेचा अभिमान आणि या भिंतीची हळहळ, दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी असतात आणि मला त्यात विसंगती वाटत नाही. चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या व देवळांना अर्पण केल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची घंटा १७२१ ची, भीमाशंकरची १७२९ ची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, अशीच एक घंटा टांगलेली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या थंड, ओल्या कडेवरून मी हात फिरवला, तेव्हा बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया आणि १७०७ हे वर्ष माझ्या बोटांना स्पष्ट लागले.