तुम्ही वकील की युनियनवाले?

गणपतीत कुणाच्या ओटीवर टेकलो की चहाबरोबर हा प्रश्न येतोच. लोट्याच्या एमआयडीसीत मी पर्सोनेल ऑफिसर होतो, सनद नंतर घेतली, हे सगळ्यांना ठाऊक. खटकतं ते वकिलाचं नाव कामगार युनियनच्या कार्यकारिणीत कसं, एवढंच. “पुढारी झालात होय!” तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा, 1947, कलम 36, पोटकलम 4. लेबर कोर्टात वकील द्यायचा तर समोरच्या पक्षाची संमती लागायची आणि कोर्टाची परवानगी. कंपनीत असताना हे पोटकलम मी भरपूर वापरलं. कामगाराने वकील आणला की आमची हरकत तयार. मी कंपनीचा अधिकारी, मला कोण अडवणार? वकील आले की तारखा वाढतात, फी वाढते, मरतो कामगारच, असं तेव्हा म्हणायचो. ते आजही मला खोटं वाटत नाही.

मग सनद घेतली, आणि खेडकडचा एक बॉयलरवाला आला. चोरीचा आरोप, खात्यांतर्गत चौकशी, बडतर्फी. युनियनचा सभासद नव्हता. मी वकीलपत्र दाखल केलं, कंपनीने संमती नाकारली. मी मागच्या बाकावर. चौकशी अधिकाऱ्याची उलटतपासणी आता त्यानेच करायची. मुद्दा चोरीचा नव्हताच, चौकशी रीतसर झाली की नाही एवढाच होता. प्रश्न मी कागदावर लिहून दिले होते: नोटीस कधी दिली, साक्षीदारांची यादी दिली का, कागद मराठीत दिले का. रात्री दोनदा घोकून घेतले. तो उभा राहिला, घडी उघडली, कागदाकडे बघितलंच नाही. म्हणाला, “सायेब, तुमीच सांगा, मी चोरी केली काय?”

“हो, केलीस.”

ते रेकॉर्डवर गेलं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मला तोंड उघडायची सोय नव्हती. बाकीचे प्रश्न त्याने विचारलेच नाहीत. चौकशी योग्य ठरली.

पारादीप पोर्ट ट्रस्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1976 सालीच सांगून ठेवलंय, की युनियनचा पदाधिकारी वकील असला तरी पदाधिकारी म्हणून उभा राहू शकतो, त्याला समोरच्याची संमती लागत नाही. मालकांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही हीच मुभा आहे, आणि ते ती घेतात. त्यांना कुणी पुढारी म्हणत नाही. मीही पद घेतलं. सभांना जातो, वर्गणी भरतो. घोषणा द्यायला जमत नाही.

मागच्या दाराने शिरलो म्हणता? म्हणा. पण पोटकलम काढून टाका, असं माझ्याने म्हणवत नाही. मुंबईहून तगडा वकील आणायची ऐपत कामगाराची नाही, कंपनीची आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही अट तशीच राहिली, तेव्हा मला बरंच वाटलं.

परवाच एका प्रकरणात कंपनीच्या वकिलाला मी संमती नाकारली.