नावे ओठांवर अडू लागली तेव्हा : पाळी जाण्याच्या काळातील माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी गेली अनेक वर्षे हिशेबाचे काम पाहते. सौद्याच्या हंगामात पोती, वजन, लागलेला दर, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल असे सगळे एकाच वेळी डोक्यात धरून पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब, करावी लागते, आणि समोरच्या शेतकऱ्याला गावाकडची गाडी गाठायची असल्यामुळे ती लगेच करावी लागते. हे काम मला कधी जड गेले नव्हते. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मात्र ते जड जाऊ लागले.

सुरुवात नावांपासून झाली. तासगावकडचे एक शेतकरी दरवर्षी आमच्याकडेच माल आणतात. त्या दिवशी ते टेबलासमोर उभे होते. त्यांचे गाव मला आठवत होते, मुलीचे लग्न कोणत्या वर्षी झाले ते आठवत होते, गेल्या हंगामात त्यांच्या राजापुरी हळदीला चांगला दर मिळाला होता हेही आठवत होते. नाव मात्र येईना. ‘वैनी, पट्टी करा की, गाडी जाईल,’ असे ते म्हणाले आणि मी पेन हातात धरून तशीच बसले. शेवटी तोलाईच्या चिठ्ठीवरून नाव उतरवून घेतले. संध्याकाळी भाजी चिरताना ते नाव, कोणी न विचारता, आपसूक आठवले.

त्यानंतर हे वारंवार होऊ लागले. बोलता बोलता अगदी साधा शब्द अडायचा. आकड्यांची बेरीज चालू असताना फोन वाजला, की ती पहिल्यापासून करावी लागायची. बँकेचे पत्र वाचताना तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेपर्यंत पहिली निसटलेली असायची. झोप झालेली नसली की हे सारे अधिक तीव्र होई, आणि झोप तर बहुतेक रोजच मोडत होती, कारण रात्री अडीच-तीनच्या सुमारास मान आणि छाती घामाने भिजून जाग यायची. पाळीचेही काही ठिकाण राहिले नव्हते. कधी बाविसाव्या दिवशी, कधी चाळिसाव्या, आणि आली की प्रचंड अंगावर जायचे. या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात बांधलेल्या असतील, असे मला कोणीच सांगितलेले नव्हते.

मनात दुसरीच भीती होती. माझ्या सासूबाईंना शेवटच्या काळात स्मृतिभ्रंश झाला होता आणि त्यांचे सगळे मी जवळून केले होते. घरातली माणसे त्यांना एकेक करून अनोळखी होत गेलेली मी पाहिली असल्यामुळे, माझ्या ओठांवर अडलेले प्रत्येक नाव मला त्याच वाटेवरचे वाटायचे. गुडघा दुखत असेल तर आपल्याकडची बाई चार जणींना सांगते. डोके चालेनासे झाले तर मात्र ती गप्प राहते, विशेषतः तिची नोकरी डोक्यावर चालत असेल तर. या गप्प राहण्यामुळे किती जणींचा किती काळ वाया जात असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेले त्यांनी ‘वयाचा परिणाम आहे, टॉनिक घ्या’ एवढेच सांगितले. नात्यातल्या बायकांचा सल्ला त्याहून सरळ होता : ‘एवढे अंगावर जाते, तर पिशवी काढून टाक, सगळे प्रश्न मिटतील.’ आपल्या भागात हा सल्ला फार सहज दिला जातो आणि तितक्याच सहज मानला जातो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. गर्भाशय काढल्याने रक्तस्राव थांबतो; विसरणे थांबत नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली, तर शरीरातले इस्ट्रोजेन हळूहळू नव्हे, एकदम घसरते, आणि घाम, झोपमोड व डोक्यातला जडपणा वाढण्याचीच शक्यता अधिक असते. काही जणींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, हे मान्य. पण आधी तपासणी, आधी दुसरे उपाय, आणि आधी ‘अंडाशये ठेवणार का?’ हा प्रश्न, असा क्रम असायला हवा.

पुढे सांगलीतल्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी पहिली चांगली गोष्ट केली ती म्हणजे माझे सगळे ऐकून घेतले आणि पाळीच्या तारखा, झोपेची वेळ, अडलेले प्रसंग असे सारे वहीत लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या भेटीत ती वही पाहून त्यांनी समजावले की लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात सात किंवा त्याहून अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला, की रजोनिवृत्तीपूर्वीचा संक्रमणकाळ सुरू झाला असे मानतात. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती. भारतीय स्त्रियांत ती सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास येते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे हा संक्रमणकाळ चाळिशीच्या सुरुवातीलाही लागू शकतो. या काळात इस्ट्रोजेन एका संथ उतारावरून खाली येत नाही, ते वरखाली हिंदकळत राहते. मेंदूतला हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा भाग, म्हणजे नवे लक्षात ठेवणे आणि एका वेळी चार गोष्टी ध्यानात धरणे यांची केंद्रे, इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी असल्यामुळे या हिंदकळण्याचा परिणाम तिथे जाणवतो. पंचेचाळिशीनंतर लक्षणे अशी स्पष्ट असतील, तर निदानासाठी हार्मोनची तपासणी करण्याची सहसा गरज नसते, कारण तो आकडाही आज एक आणि महिन्याने दुसरा येतो. हे ऐकून मला बरे वाटले. मी त्या तपासणीसाठी पैसे बाजूला काढून ठेवले होते.

त्यांनी सांगितलेल्या तपासण्या वेगळ्याच होत्या, आणि माझ्या मते या साऱ्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचे तेच ठरले. डोक्यातल्या धुक्याचे सगळे खापर पाळीवर फोडण्याआधी रक्तातले हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, ब-१२ आणि साखर पाहायला हवी, असा त्यांचा आग्रह होता. थायरॉइड आणि साखर ठीक निघाली. स्त्रियांत बारापेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, माझे ९.४ होते आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळजवळ रिकामा होता. ब-१२ सुद्धा कमी होते; मी शाकाहारी आहे आणि त्यात कित्येक वर्षे पित्ताच्या गोळ्या घेत होते, ज्यांच्या दीर्घ वापराने ब-१२चे शोषण घटते. मी ज्याला एकच धुके समजत होते त्याचे असे तीन-चार वेगवेगळे थर होते, आणि त्यातले दोन तर औषधाने भरून निघणारे होते.

अंगावर अति जाण्याचे कारण शोधण्यासाठी सोनोग्राफी झाली आणि वय पंचेचाळिशीच्या पुढचे असल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासला गेला. काही वावगे निघाले नाही. नंतर गर्भाशयात हार्मोन सोडणारे साधन बसवले आणि काही महिन्यांत रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. लोहाच्या गोळ्यांबाबत मॅडमनी बजावले होते की गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, आधी-नंतर तास-दोन तास अंतर ठेवायचे, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, आणि हिमोग्लोबिन वर आले तरी साठा भरेपर्यंत आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवायची. आमच्या पेठेत प्रत्येक दुखण्यावर हळद सुचवली जाते, म्हणून मी तेही विचारून घेतले. स्वयंपाकातल्या हळदीला त्यांची हरकत नव्हती. जास्त मात्रेच्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र लोहाला बांधून ठेवू शकतात, म्हणून त्या घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. हळदीच्या धंद्यात असूनही हे मला ठाऊक नव्हते.

स्मृतिभ्रंशाची भीती मात्र रिपोर्टांनी जाईना, तेव्हा त्यांनी मला मिरजेला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. आमच्याकडे दुखणे मोठे वाटले की मिरजेला दाखवायचे, ही डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासूनची रीत आहे. तिथे तीस गुणांची एक चाचणी झाली. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची होती. शंभरातून सात-सात वजा करत जायचे होते, ते मी न अडता केले आणि कित्येक महिन्यांनी स्वतःविषयी विश्वास वाटला. सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द शेवटी पुन्हा विचारले, तेव्हा मला तीनच आठवले. डॉक्टरांनी उरलेल्या दोन शब्दांसाठी ‘शरीराचा एक भाग’, ‘एक रंग’ अशी खूण दिली आणि दोन्ही शब्द ताबडतोब आले. ते म्हणाले, ‘ताई, शब्द आत साठलेला आहे, बाहेर यायला उशीर होतोय. खूण देऊनही तो आला नसता, तर मी अधिक काळजी केली असती.’ सव्वीस किंवा अधिक गुण सर्वसाधारण मानतात आणि माझे त्याच्या वर होते. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वॅन’ या मोठ्या अभ्यासाविषयीही त्यांनी सांगितले. त्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे आहेत की संक्रमणकाळात स्त्रियांची नवे शिकण्याची गती मंदावलेली दिसली आणि रजोनिवृत्तीनंतर ती बहुतांशी पूर्ववत झाली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून रडले, आणि ते दुःखाचे रडणे नव्हते.

त्यानंतरचे काम झोपेचे होते, आणि ते सर्वांत अवघड गेले. पाच वाजताचा चहा यार्डात सुटत नाही, कारण हंगामात तोच आधार असतो. तो बंद करून त्या वेळी ताक घेऊ लागले. जेवण लवकर, सुती कपडे, खोलीत पंखा, झोपायला कितीही उशीर झाला तरी उठण्याची वेळ एकच. जाग आल्यावर अंथरुणात कूस बदलत राहायचे नाही, उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी वाचत बसायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे, हा नियम सुरुवातीला शिक्षेसारखा वाटला. अनेक रात्री मी तो अक्षरशः चिडून पाळला. पण दोन-तीन आठवड्यांनंतर झोप सलग होऊ लागली. सकाळी आमराईत भरभर चालणे सुरू केले आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायामही. नीट झोप झालेल्या दिवशी शब्द कमी अडतात, हे माझ्या वहीतल्या नोंदींवरून मला इतके स्पष्ट दिसले, की झोपेच्या बाबतीत मी आता कोणाची भीड ठेवत नाही.

दुकानातली व्यवस्थाही बदलावी लागली. आमच्या दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांना मी सगळे सांगितले. हे बोलणे मी बरेच दिवस पुढे ढकलत होते. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘मग काम कसे लावून घेऊ या, ते सांगा.’ पूर्वीच्या मुनिमांची एक पद्धत होती : एकाने आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने समोरच्या कागदावर खूण करत जायचे. संगणक आल्यावर ती मागे पडली होती, ती आम्ही पुन्हा सुरू केली. प्रत्येक लॉटच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गाव आणि लॉट क्रमांक ठळक लिहून तीच चिठ्ठी पट्टी होईपर्यंत माझ्यासमोर राहते. बँकेचा मेळ मी सकाळी, फोन दुसऱ्याकडे देऊन बसवते. चार वेगवेगळ्या कागदांवर टिपणे करण्याऐवजी सगळे एकाच वहीत लिहिते. आमच्याकडचा तरुण मुलगा या वाचून-मेळ पद्धतीला आधी कंटाळत असे; आता तो स्वतःहून कागद घेऊन समोर बसतो.

घरी एवढेच मागितले, की माझा शब्द अडला तर लगेच तो पुरवू नका आणि हसूही नका, दोन क्षण थांबा. मिस्टरांना हे जमायला वेळ लागला. मुलीला ते पहिल्या दिवसापासून जमले.

हार्मोनच्या औषधांविषयी मॅडमशी दोनदा सविस्तर बोलणे झाले आहे. केवळ विसरण्यासाठी ती दिली जात नाहीत. घामाचे लोट आणि त्यामुळे मोडणारी झोप यांवर ती सर्वांत परिणामकारक आहेत, आणि झोप सुधारली की डोक्यालाही आराम पडतो. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत ती सुरू करणे तुलनेने सुरक्षित मानतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा रक्तस्रावाचे कारण कळलेले नसेल, तर ती देत नाहीत. ती घेतल्याने स्मृतिभ्रंश होतो, अशी धास्ती मी ऐकली होती. तिचे मूळ २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे, आणि त्यातल्या स्त्रिया पासष्ट वर्षांच्या पुढच्या होत्या. माझ्या वयाच्या बाईला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हे समजल्यावर धास्ती गेली. तरी मी अजून ती सुरू केलेली नाहीत, कारण घाम आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या रात्रीच येतो. उन्हाळ्यात तो वाढला तर घ्यायची, असे आमचे ठरले आहे.

हिमोग्लोबिन आता १२.३ आहे. ब-१२ची सुई तीन महिन्यांतून एकदा घेते. लोकांची नावे अजूनही, विशेषतः दुपारनंतर, उशिरा आठवतात. बेरजा मात्र अडत नाहीत. फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक वाढेल, त्याआधी फेरिटिन पुन्हा तपासायचे आहे.