ऐकून घेतात, पण विचारत नाहीत

अणुवीज केंद्र बंद झालं की सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे, पण खरी कटकट तिथून पुढे सुरू होते, रिअ‍ॅक्टरचे तुकडे करायचे, पाईप कापायचे, काँक्रीट फोडायचं, माती तपासायची, आणि अमेरिकेत या सगळ्याला चक्क ६० वर्षांची मुभा आहे. म्हणजे आज सही करणारा साहेब आणि आज तक्रार करणारा माणूस, दोघंही तोवर असतील की नाही देव जाणे.

माझ्या डोक्यात मात्र वेगळीच गोष्ट घोळतेय. प्लांट कायमचा बंद केला की कंपनीने दोन वर्षांच्या आत एक रिपोर्ट द्यायचा, काय पाडणार, कधी पाडणार, खर्च किती. तिथला अणुनियामक आयोग, म्हणजे एनआरसी, तो सगळ्यांसाठी खुला करतो, प्लांटच्या जवळपास सभा घेतो, लोक माईकवर येऊन तावातावाने बोलतात, सगळं टिपून घेतलं जातं. आणि मग? त्या रिपोर्टला आयोगाची मंजुरी लागतच नाही! आयोगाने हरकत घेतली नाही तर ९० दिवसांनी मोठं काम सुरू. आयोगाचा मुद्दा असा की लायसन्सच्या चौकटीत बसणारं काम आहे, वेगळी परवानगी कशाला. कागदावर बरोबर असेलही, पण मग लोकांना बोलावलं कशाला?

बरं, अशा सभा अगदीच फुकट असतात असंही नाही हं. कॅलिफोर्नियातला सॅन ओनोफ्रेचा बंद प्लांट घ्या. ३ ऑगस्ट २०१८, वापरलेलं इंधन भरलेला साधारण ५० टनांचा स्टीलचा डबा जमिनीतल्या कप्प्यात उतरवत होते, तो आतल्या रिंगवर अडकला आणि वरच्यांना वाटलं बसला खाली, पट्टे ढिले सोडले. तळ अजून १८ फूट खाली! एवढं धूड नुसतं त्या कडेवर टेकलेलं, जवळपास तासभर. लोकांना कळलं कसं, तर सहा दिवसांनी कंपनीने स्थानिक लोकांसाठी नेमलेल्या पॅनेलच्या सभेत तिथलाच एक कामगार माईकपाशी उभा राहिला आणि बोलला. पुढे चौकशी झाली, वेळेत रीतसर कळवलं नाही हेही निघालं, आणि दंड १,१६,००० डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला चहापाण्याचा खर्च हो.

मेन राज्यातल्या मेन यँकी प्लांटचं तर कामही चांगलं झालं, २००५ मध्ये पाडापाडी पूर्ण. प्लांट गेला, पण वापरलेल्या इंधनाचे कास्क, म्हणजे जाडजूड पिंपं, अजून तिथेच, भोवती कुंपण आणि पहारा. केंद्र सरकार १९९८ पासून हे इंधन उचलणार होतं, कायदाच आहे तसा, पण न्यायचं कुठे हेच ठरेना. मग कंपन्या सरकारवर केस करतात, जिंकतात, आणि भरपाई जाते करदात्यांच्या खिशातून, त्यासाठी तर सभासुद्धा नाही.