पिशवीतले हळकुंड

मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा खंडित होऊन वडिलांना पक्षाघात झाला, त्याला आता पाच महिने होतील. डाव्या हातातली ताकद बरीचशी परत आली, पण मुठीत काय आहे हे त्या हाताला कळेना. सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी म्हणून काम केलेल्या आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी रीत जवळून पाहिलेल्या माणसाला हे फार लागले.

फिजिओथेरपीच्या मॅडम त्यांना रोज म्हणत, "काका, डोळे मिटा आणि पिशवीत डावा हात घाला." पिशवीत किल्ली, नाणे, बेदाणा आणि हळकुंड असे. मला हा पोरखेळ वाटे. जिने चढण्याचा सराव सोडून यात अर्धा तास का घालवायचा, असे मी एकदा काहीशा उद्धटपणे विचारलेही. त्यांनी न रागावता जे समजावले, त्यावरून पुढे मी बरेच वाचत गेलो.

बोटांकडून निघालेली संवेदना मज्जारज्जूतून वर जाते, वाटेत बाजू बदलते आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्रामार्गे विरुद्ध बाजूच्या पॅरायटल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या, पुढच्या कडेला पोहोचते. या कडेवर सगळ्या शरीराचा नकाशा असतो. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाहाचा स्पर्श करून तो नोंदवला आणि 1937 मध्ये प्रसिद्ध केला. त्या नकाशात पाठीच्या वाट्याला थोडी जागा येते, बोटांच्या आणि ओठांच्या वाट्याला मात्र ऐसपैस. शिवाय या जागा कायमच्या आखलेल्या नसतात: तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत अधिक जागा मिळते, असे 1995 मध्ये एका अभ्यासात दिसले. मिरजेतली सतारीची दुकाने येता-जाता पाहणाऱ्या मला हे वाचून मौज वाटली.

पण नुसता स्पर्श कळणे म्हणजे वस्तू ओळखणे नव्हे. हळकुंड ओळखायचे तर बोटांनी ते फिरवावे लागते, त्याची लांबी, खरबरीतपणा आणि बोटे किती वाकली आहेत याची जाणीव एकत्र जुळवावी लागते. म्हणजे हालचाल घडवणारा भाग, संवेदना घेणारा भाग आणि त्यामागचा, अवकाशाचा हिशेब ठेवणारा भाग, असे तिघेही त्या अर्ध्या मिनिटात राबत असतात. एमआरआय यंत्रात रक्तप्रवाहातील बदलावरून हे पाहता येते. मात्र तो बदल काही सेकंद उशिरा दिसतो आणि रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या ईईजीत, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात, तो विलंब नसतो. हात स्वस्थ असताना हाताची हालचाल आणि संवेदना सांभाळणाऱ्या भागावर सेकंदाला 8 ते 13 आवर्तनांच्या लहरी उमटतात, आणि हात हलवताना, इतकेच नव्हे तर हलवण्याची नुसती कल्पना करतानाही, त्या क्षीण होतात.

म्हणूनच माझी चूक मोठी होती. वडील चाचपडू लागले की मला पाहवत नसे आणि मी पटकन "अण्णा, किल्ली आहे ती" असे सांगून टाकी. उत्तर मिळताच त्यांची बोटे थांबत, आणि सराव तर त्या चाचपडण्याचाच होता.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. वडिलांची नजर शाबूत असूनही ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. उजव्या पॅरायटल लोबला इजा झाल्यावर डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, आणि हे आठवणीतही घडते. मिलानमधल्या दोन रुग्णांना तिथल्या कॅथेड्रलचा चौक मनात आणून वर्णन करायला सांगितले, तेव्हा त्यांनी बहुतेक उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. चौकाच्या समोरच्या टोकाला उभे असल्याची कल्पना करायला लावल्यावर आधी गाळलेल्या इमारती त्यांना आठवल्या. हा प्रयोग 1978 चा आहे. मी वडिलांना आमच्या गल्लीतून मनाने चालायला सांगितले. जाताना डाव्या हाताची पिठाची गिरणी त्यांनी गाळली. येताना तीच उजव्या हाताला येताच गिरणीवाल्याच्या उधारीसकट सांगितली.

हळकुंड त्यांना गेल्या आठवड्यात ओळखू आले, आणि ते नीट वाळलेले नाही असा शेराही त्यांनी मारला. दाराच्या चौकटीला मात्र त्यांचा डावा खांदा अजून लागतो. म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून चौकटीच्या डाव्या बाजूस लाल पट्टी लावली आहे, आणि आधी नजरेने ती शोधायची व मगच पाऊल टाकायचे, असे ठरले आहे.