दुसऱ्या रजईचा आठवडा

आमच्या घरात थंडी अंशांत मोजत नाहीत, रजयांत मोजतात. डिसेंबर एका रजईवर निघतो. जानेवारीत दुसरी पेटीतून बाहेर येते आणि पहिल्या दोन रात्री डांबरगोळ्यांच्या वासात झोपावं लागतं. (पुण्याचे नातेवाईक आमच्या ‘रजई’ला हसतात, ‘थंडी लागते’ म्हटलं की त्यालाही हसतात. हसू देत. तीन पिढ्या इंदुरात काढल्यावर थंडीसुद्धा हिंदीतूनच लागणार.)

परवाच्या आठवड्यात मात्र या दुसऱ्या रजईचे फार हाल झाले.

सोमवारी काढली. वारा असा बोचरा, की रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणं भागच होतं. कढईतून निघालेले कुरकुरीत तुकडे, वर जिरावण मसाला आणि लिंबू. जीभ भाजते, पण द्रोण हातातून सोडवत नाही. फोटो ग्वाल्हेरच्या मावशीला पाठवला. लगेच फोन. "अगं, स्वेटरची बटणं उघडी टाकून फिरतेस आणि म्हणे थंडी! तुमच्याकडे ती चहाला चव येण्यापुरती येते."

हे भांडण दर वर्षीचं, आणि भूगोल तिच्या बाजूचा. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं; आम्ही त्याच्या खाली, ती पार वर, उत्तरेच्या मैदानाच्या उंबऱ्यावर. तिकडचं धुकं विचारायचीही तसदी न घेता तिच्या अंगणात शिरतं. आम्ही पठारावर, साडेपाचशे मीटर उंच. आमची दुपार उबदार आणि रात्र गार, म्हणून तर माळव्याच्या रात्रीचं एवढं कौतुक. मावशीच्या मते अर्धवेळ नोकरी करणारी थंडी ही थंडीच नव्हे.

बुधवारी ढग आले. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ इराण, अफगाणिस्तान करत हिमालयाला धडकतो, तेव्हा त्याचं शेपूट कधीकधी आमच्यापर्यंत फिरतं. गंमत अशी, की ढग आले की रात्र उबदार होते. जमिनीची ऊब वर निसटू पाहते, ती ढग अडवून धरतात. आकाशानेच रजई घेतल्यावर आमची पेटीत गेली.

गुरुवारी मावठा. इथे थंडीतल्या पावसाला सगळे हेच म्हणतात. दूधवाला भिजत आला तरी खुशीत होता, "सोना बरस रहा है, भाभी!" त्याचा गहू आणि हरभरा उभा होता. लगेच आभाळाकडे बघून, "बस, ओले ना गिरें." आमच्याकडे गारा पडल्या नाहीत. भजी मात्र पडली, दोन घाणे.

तिकडे मावशीकडे तीन दिवस सूर्य नव्हता. रेल्वेगाड्या धुक्यात अडकलेल्या, आणि हवामान खात्याने ‘शीत दिवस’ जाहीर केलेला. म्हणजे किमान तापमान दहा किंवा त्याखाली, आणि दुपारचा पाराही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त घसरलेला. हा शब्द तिने मला फोनवर दोनदा ऐकवला. "बघ, आमचा दिवसच थंड असतो!" सरकारी शिक्का मिळाल्याचा तो आनंद होता. मी भज्यांचा विषय काढला, पण ती बधली नाही.

शुक्रवारी दुपारी आभाळ धुतल्यासारखं झालं आणि मी फसले. वाटलं, संपली थंडी. आई म्हणाली, "पेटीला कुलूप घालू नकोस." ढगांची आडकाठी गेलेली, उत्तरेचा वारा मोकळा सुटलेला, रात्री दोन वाजता अंधारात पेटी उघडताना तिचं झाकण बोटावर आपटलं. सकाळी दूधवाल्याचा चेहरा उतरलेला. आता त्याला पाल्याची, म्हणजे पिकं जाळणाऱ्या दवहिमाची धास्ती. संध्याकाळी शेताला हलकं पाणी द्यायचं, रात्री बांधावर धूर करायचा आणि वारा पडू नये म्हणून देवाला सांगायचं.

रविवारी मीच ग्वाल्हेरला फोन लावला. दोन रजया घेतल्याचं मोठ्या अभिमानाने सांगणार होते.

"नंतर बोलू गं," मावशी घाईत म्हणाली. "आज ऊन पडलंय. सगळ्या रजया गच्चीवर टाकल्यात, आणि शेजारीण माझी जागा बळकावतेय."