बॅगेत काय काय होतं?

झोप येत नाहीये. विमानतळाच्या काउंटरवरच्या बाईंचा प्रश्न अजून कानात आहे : बॅगेत काय काय होतं?

बॅग आली नाही, हे एक वेळ पचलं. सरकत्या पट्ट्याने रिकाम्याच दोन फेऱ्या मारल्या नि तो थांबला, तेव्हाच ते कळलं होतं. पण फॉर्मवरच्या चौकटीत मी 'कपडे, वह्या, औषधं' लिहिलं आणि बाईंनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. असं चालत नाही म्हणे, आणि त्यांचं बरोबरच होतं. टॅग तुटून पडलेली बॅग कुठे सापडली, तर ती उघडून आतल्या वस्तूंची नोंद करतात आणि हरवल्याच्या तक्रारीतल्या वर्णनाशी ताडून बघतात. कपडे काय, सगळ्यांच्याच बॅगेत असतात. पिवळा रेनकोट, शिट्ट्यांनी भरलेला डबा, कापडी बाहुल्या, असलं काही लिहायला हवं. मला काही केल्या आठवेना. तेवीस किलोंत बसावं म्हणून बॅग दोनदा काट्यावर चढवली, पण झाकण लावण्याआधी एक फोटो काढायचा राहिला. ताईने तीनदा सांगितलं होतं. असो.

उद्या यजमान संस्थेकडे रिकाम्या हातांनी जायचं, हे खुपतंय. स्वतःचे कपडे गेले त्याचं नाही एवढं. (थोडं आहेच.) तिथे द्यायला म्हणून लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू होत्या. नुकसानभरपाईचा नियम वाचून तर आणखीच ओशाळले. १९९९च्या मॉन्ट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा आता १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाच्या एककात. ती बॅगेमागे नसून प्रवाशामागे, आणि आपोआप हातात पडत नाही. झालेलं नुकसान दाखवावं लागतं, पावत्या जोडाव्या लागतात. आता कुणी प्रेमाने दिलेल्या रंगपेट्यांच्या पावत्या कुठून आणायच्या?

तरी फॉर्म तिथेच भरला, हे बरं झालं. बाहेर पडून मग फोन करू म्हटलं असतं तर बॅग आलीच नव्हती हे पटवत बसावं लागलं असतं. तक्रार शेवटच्या टप्प्याच्या विमान कंपनीकडेच द्यायची. आधीच्या कंपनीने घोळ घातला असला तरी दार तेच. बोर्डिंग पासवर चिकटवलेली टॅगची चिठ्ठी मी फेकली नव्हती, एवढं एकच शहाणपण. तिच्यावरचे दहा आकडे म्हणजे बॅगेची ओळख : पहिला टॅगच्या प्रकाराचा, पुढचे तीन कंपनीचे, शेवटचे सहा आपल्या बॅगेचे. तक्रारीचा क्रमांक वेगळा : विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, मग पाच आकडे. ऑनलाइन शोध घेताना तोच लागतो. राहण्याचा पत्ता मात्र मी फक्त आजच्या रात्रीचा दिला. परवा आम्ही इथे नसणार. सकाळी पहिला फोन त्याचाच.

एकवीस दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. उशिरा आली, तर हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार. मोडून आली, तर सातच दिवस. आमचं काम चौदा दिवसांचं. म्हणजे बॅग अधिकृतपणे हरवेपर्यंत मी परत घरी.

आली तरी कस्टम आहेच. एकाच प्रकारच्या चाळीस वस्तू आणि सोबत माणूस नाही, म्हणजे विक्रीचा माल वाटायला वाव. यजमान संस्थेचं पत्र आणि वस्तूंची यादी बॅगेत वरच ठेवली होती. त्याची एक प्रत माझ्याजवळ हवी होती, ती नाही. यादी जवळ असती तर चौकटीसमोर गप्प उभी राहिले नसते. पुन्हा तिथेच आले.

सामान सगळ्यांच्या बॅगांत थोडं थोडं विभागायचं असतं. वह्या एकीत, रंग दुसरीत असं करायचं नाही, प्रत्येकीत थोड्या वह्या, थोडे रंग. मग एक बॅग गेली तरी काम अडत नाही. हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि शेवटी 'माझ्याकडे राहू दे, मी नेते' असंही मीच म्हटलं. देणारा हात आपलाच दिसावा असं काहीतरी... जाऊ दे.

रागराग करून झाला. विमान बदलायला वेळ कमी होता, कंपनी बेफिकीर, ते लोक तसलेच. उशिरा येणाऱ्या बॅगांचा घोळ सगळ्यात जास्त विमान बदलतानाच होतो, तेव्हा माझी तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. मग फोनची बॅटरी उतरली म्हणून पॉवर बँक शोधायला लागले.

हातातली बॅग सात किलोंच्या वर गेली होती. निघताना काउंटरवर घाईघाईत जड वस्तू मोठ्या बॅगेत कोंबल्या. त्यांत पॉवर बँक. २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर. शंभरच्या आत असल्याने विमानात बिनधास्त चालते, पण फक्त हातातल्या सामानात. विमानाच्या पोटातल्या सामानात लिथियमची सुटी बॅटरी पेटली तर विझवायला तिथे कुणी नसतं. म्हणून तपासणीच्या यंत्रात ती दिसली की बॅग बाजूला काढतात, आणि विमान काही तिच्यासाठी थांबत नाही.

तसंच झालं असेल असं नाही. पण मघापासून कंपनीला शिव्या घालायचा आवाज जरा खाली आलाय.

ताई अंधारातच म्हणाली, झोप आता. मी तिला पॉवर बँकेचं सांगितलं. पाच-सहा सेकंद काहीच नाही, मग पांघरुणात हसण्याचा आवाज.

चौकटीत लिहायला एक वस्तू तरी सापडली. काळी पॉवर बँक, एका कोपऱ्यावर मुलीने चिकटवलेला बेडूक. उद्या फोनवर ते सांगायचं कसं, तेवढं ठरवायचं राहिलंय.