मुनवे काढण्याचा दिवस

आज सकाळचे 3 तास भाजीच्या केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिले, काढण्यात गेले. ही पिले मुख्य झाडाच्याच कंदातून अन्न ओढतात, म्हणून प्रत्येक बुंध्याजवळ तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा एकच जोमदार मुनवा राखून बाकीचे जमिनीलगत कापले. रुंद पानांचे मुनवे देखणे दिसतात, पण कमकुवत निघतात. करपा रोगाने खराब झालेली पाने काढताना मात्र हात जपून चालवला, कारण निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी झाडावर निदान 8 निरोगी पाने नसतील, तर घड नीट पोसत नाही. एक झाड घडाच्या ओझ्याने पार कलले होते. त्याला बांबूचा टेकू देताना, आणखी दोन दिवस इकडे फिरकलो नसतो तर, या विचाराने जीव कासावीस झाला.